विषय समित्या हव्यात कशाला? नळ, कचरा, दिवे मुख्याधिकाऱ्यांवर सोडा

कोपऱ्यातला दिवा:
2025च्या डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी बहुतेक ठिकाणी काही वर्षं निवडून आलेलं सभागृह नव्हतं, प्रशासक होता. नगराध्यक्ष थेट निवडून आले, गुलाल उधळला, आणि लगेच दुसरी निवडणूक लागली, विषय समित्यांच्या, म्हणजे नगरसेवकांच्या खातेवार समित्यांच्या, सभापतिपदांची: पाणीपुरवठा कुणाला, बांधकाम कुणाला, आरोग्य कुणाच्या गळ्यात. बांधकामासाठी रुसवेफुगवे होतात. महिला व बालकल्याण कुणी मागत नाही, ते 'दिलं' जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. रोजच्या सेवांचा आणि या समित्यांचा काही संबंध उरलेला नाही. समितीची मुदत असते एक वर्षाची. सभापतीला गावातला मुख्य जलवाहिनीचा वॉल्व कुठे आहे हे कळेपर्यंत वर्ष सरतं आणि पुढच्याचा नंबर लागतो. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवा गेला. तक्रार दिली. वायरमन म्हणाला, फिटिंग संपलंय, खरेदीचा विषय समितीत आहे. समितीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब. पुढच्या सभेत विषय आला, तर एका सदस्याने 'माझ्या प्रभागाला किती?' असं विचारलं आणि वाटपाच्या यादीवरून पुन्हा लांबला. प्रशासक असताना हाच दिवा एका व्हॉट्सअॅप मेसेजवर लागला होता.

धोरण ठरवायला सर्वसाधारण सभा आहे. करायला मुख्याधिकारी आहेत. मधलं हे स्टेशन बंद करा. गाडी तिथे थांबते ती फक्त चहासाठी.

माजी सभापतीणबाई:
दिवा भाऊ, मी आरोग्य समितीवर होते, त्यामुळे चहा कसा असतो ते मला माहीत आहे. पण प्रशासकाच्या काळाचं एवढं कौतुक करू नका. बऱ्याच गावांत प्रशासक म्हणजे तेच मुख्याधिकारी. म्हणजे विषय मांडणारे तेच, ठराव मंजूर करणारे तेच, बिलावर सही करणारेही तेच. तुमचा दिवा लागला ते छान झालं. पण त्या काळात आमच्याकडे कचऱ्याच्या ठेक्याला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत होती आणि 'का?' विचारायला सभागृहात माणूसच नव्हता.

एक उदाहरण देते. घंटागाडीच्या ठेकेदाराचं बिल टनावर निघायचं. समितीत मी वजनकाट्याच्या पावत्या मागितल्या. आधी 'लेखा विभागात आहेत', मग 'ऑडिटला गेल्यात'. शेवटी गठ्ठा आला. चाळताना दिसलं की एकाच नंबरच्या गाडीच्या दोन खेपांमध्ये काही मिनिटांचं अंतर आहे. डेपो गावाबाहेर! गाडी गल्लीत फिरून, भरून, परत काट्यावर येणार कशी? दुसरी गोष्ट मुकादमाने हळूच सांगितली: काट्यावर जाण्याआधी गाडीत नाल्याचा गाळ आणि माती पडते, वजन वाढतं. तेव्हा लागू असलेल्या 2016च्या घनकचरा नियमांप्रमाणे ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा घ्यायचा. आमच्याकडे वेगळी निघत होती ती माती.

बिल अडवलं. पुढे 'तडजोडीने' बरंचसं निघालंच, ते सांगायला लाज वाटते. पण काट्यावर नगरपरिषदेचा माणूस बसायला लागला. हे सर्वसाधारण सभेत झालं नसतं. तिथे एका दिवसात साठ विषय असतात आणि माईकसाठी भांडणं. पावत्यांचा गठ्ठा तिथे कोण उलगडणार?

कायद्याचा कीस:
थोडं नियमांचं बोलू, कारण वर 'बंद करा' असं म्हटलंय ते ठराव करून होण्यातलं नाही. 1965चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम आहे, त्यात स्थायी समिती आणि विषय समित्या आहेत. स्थायीचे अध्यक्ष नगराध्यक्ष, विषय समित्यांचे सभापती तिचे सदस्य. उपाध्यक्षांकडे एका समितीचं सभापतिपद पदसिद्ध येतं.

महत्त्वाचं म्हणजे समित्यांवरच्या जागा पक्षांच्या आणि गटांच्या संख्याबळाप्रमाणे मिळतात. निवडणुकीनंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे गटनोंदणीची धावपळ चालते ती उगाच नाही. म्हणजे सत्ताधाऱ्यांनी कितीही नाक मुरडलं तरी विरोधी गटाचा माणूस समितीत बसतो आणि कागद सभेपूर्वी त्याच्या हातात येतात. समित्या काढल्या तर विरोधकाकडे उरेल फक्त सभागृहातला आरडाओरडा.

थेट नगराध्यक्षामुळे तर समित्यांची गरज वाढली आहे. 2016ला थेट निवड आणली, 2020ला रद्द केली, 2022ला परत आणली. सरकार बदललं की ही तरतूद कूस बदलते. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षामागे सभागृहात बहुमत असेलच असं नाही. अशा वेळी दोन्ही बाजू एकमेकींशी कामाचं बोलतात ती जागा समितीच.

कोपऱ्यातला दिवा:
कीस साहेब, कागद 'सभेपूर्वी हातात येतात' हे वाक्य फ्रेम करून लावा. अजेंड्यावर आठ विषय असतात आणि शेवटी नववी ओळ: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. खरी मलई त्या नवव्या ओळीत असते. त्यात काय आलं ते कळतं इतिवृत्त लिहून आल्यावर, आणि इतिवृत्तात लिहिलेलं असतं 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. विरोधी गटाचा माणूसही त्या 'सर्वानुमते'त असतो. त्याच्या प्रभागात एक पेव्हर ब्लॉकचं काम टाकलेलं असतं ना.

आणि ताई, तुमची पावत्यांची गोष्ट खरी मानतो. पण तो तुमचा गुण झाला, समितीचा नाही. तुमच्यानंतर आलेल्या सभापतींनी पावत्या मागितल्या का?

माजी सभापतीणबाई:
नाही मागितल्या. पण मागण्याचा हक्क त्या खुर्चीला होता म्हणून मला मिळाल्या. नागरिक म्हणून मागितल्या असत्या तर माहिती अधिकाराचा अर्ज, मग अपील, मग दुसरं अपील. तोवर ठेक्याची मुदत संपून नवा ठेकेदार आला असता. बहुधा तोच, मेहुण्याच्या नावाने.

वॉल्व नंबर सात:
पाणीपुरवठ्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. दोघांचंही अर्धं बरोबर.

आधी तक्रार. माझ्या नोकरीत समितीने सर्वांत जास्त वेळ कशावर घालवला असेल, तर वॉल्वमनच्या बदल्यांवर. कुठला वॉल्वमन कुठल्या भागात, हा राजकारणाचा विषय आहे हे बाहेरच्याला पटणार नाही. पण पाण्याची वेळ त्याच्या हातातल्या चावीवर असते. सभापती बदलले की पाण्याच्या वेळा बदलायच्या. त्यांच्या प्रभागाला पहाटेऐवजी सकाळी सात, आणि पंधरा मिनिटं जास्त. कागदावर पंधरा मिनिटं काहीच नाहीत. पण जलकुंभ ठरावीक पातळीच्या खाली गेला की उंचावरच्या वस्तीला आणि लाइनच्या शेवटच्या घरांना नळाला फक्त हवा येते. शिव्या कोण खातं? चावीवाला.

ज्यावर वेळ घालवायला हवा होता त्याबद्दल कधी कुणी विचारलं नाही. टोकाच्या घरच्या नळाला क्लोरीन पोचतं का? रोज सकाळी आम्ही नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन ओटी (ऑर्थोटोलिडीन) या रसायनाचे थेंब टाकायचो. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी उरलेलं असावं लागतं. टाकीजवळ गर्द पिवळं आणि शेवटच्या गल्लीत पांढरंफटक, असं कितीदा तरी व्हायचं. त्याची नोंदवही असते. इतक्या वर्षांत एकाही सभापतीने ती वही उघडून बघितली नाही. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीच्या खरेदीचा विषय मात्र प्रत्येकाने बारकाईने बघितला.

आता दुसरी बाजू. एका वस्तीत निम्मे नळ बेकायदा होते. कार्यालयाकडून नोटिसा गेल्या, तोडायला गेलो तर बायका हंडे घेऊन आडव्या झाल्या. मुख्याधिकारी म्हणाले, पोलीस बंदोबस्त मागवतो. तेव्हाच्या सभापतींनी थांबवलं. संध्याकाळी वस्तीतल्या मंदिराच्या ओट्यावर बसले, डिपॉझिट हप्त्याने भरायची मुभा समितीतून मंजूर करून आणली, आणि महिन्याभरात बहुतेकांनी नळ कायम करून घेतले. पाणीपट्टीची वसुली वाढली ती वेगळीच. हे काम कुठल्याही अधिकाऱ्याला जमलं नसतं. त्याला बदलीची तारीख दिसत असते, सभापतीला मतदार.

स्क्रीनशॉट:
एवढं सगळं कशाला? 2015चा लोकसेवा हक्क कायदा आहे. प्रत्येक सेवेला मुदत, मुदतीत काम नाही झालं तर अपील, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. नवीन नळजोडणीसुद्धा त्यात येते. तक्रारीसाठी अॅप. सभापतीच्या दारात कशाला जायचं? माणूस मध्ये आला की ओळख आली, ओळख आली की 'बघतो' आलं.

वॉल्व नंबर सात:
दाखला, उतारा, नळजोडणी यांना तो कायदा उत्तम. पण जोडणी मिळते मुदतीत, पाणी कुठल्या मुदतीत मिळणार? दाब कमी आहे, ही तक्रार कुठल्या रकान्यात भराल?

स्क्रीनशॉट:
तो रकाना अॅपमध्ये करता येतो काका. समिती नाही करता येत.

माजी सभापतीणबाई:
अॅपचंही बघितलंय. तुंबलेल्या गटाराची तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद, सोबत स्वच्छ गटाराचा फोटो. फोटोत जे दुकान दिसत होतं ते आमच्या पेठेतलं नव्हतंच.

जमाखर्च:
या धाग्यात पैशाचं कुणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. समिती हवी की नको, यापेक्षा तिच्या हातात ठरवायला काय शिल्लक आहे ते बघा. 74वी घटनादुरुस्ती 1993ला लागू झाली, बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायचे 18 विषय आले, वाचायला फार छान वाटतात. प्रत्यक्षात छोट्या नगरपरिषदेचे पगार राज्याच्या सहायक अनुदानावर चालतात. 15व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026च्या पैशातला 60 टक्के भाग आधीच पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. मोठी पाणी योजना आली तर आराखडा बाहेरचा सल्लागार करतो, तांत्रिक मंजुरी बाहेरून येते. स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता कर आणि पाणीपट्टी, आणि ती वाढवायची म्हटलं की सगळी समिती एका सुरात 'जनतेवर बोजा नको'.

म्हणून सदस्य गटार कुणाच्या दारात आणि दिवा कुणाच्या कोपऱ्यावर यावर भांडतात. तेवढंच त्यांच्या हातात आहे. दिवा भाऊंचा राग योग्य, पण पत्ता चुकलाय. आणि ठराव केलाच, तरी त्याच 1965च्या अधिनियमाच्या 308 कलमाखाली जिल्हाधिकारी तो तहकूब ठेवू शकतात.

कोपऱ्यातला दिवा:
पत्ता अजिबात चुकला नाही. हातात थोडंच आहे म्हणता, मग ते थोडं तरी नीट करायला कुणी अडवलंय? ओटीची वही उघडायला वित्त आयोगाची परवानगी लागते का? पावसाळ्याआधी नालेसफाई झाली की नाही हे बघायला कुठलं अनुदान लागतं? पैसे नाहीत ही सबब रस्त्याला चालेल, देखरेखीला नाही. समितीचं काम देखरेखीचं, आणि नेमकं तेच सोडून ती खरेदीत रमते.

कायद्याचा कीस:
हे म्हणणं मला पटतं, पण यातून 'बंद करा' कसं निघतं? निघतं ते 'खरेदी काढून घ्या, देखरेख द्या'. मोठ्या कामांच्या निविदा आता ई-निविदेनेच होतात, त्यात समितीने तसंही लुडबुड करू नये. आणि एका वर्षाची मुदत अडीच करावी.

माजी सभापतीणबाई:
अडीच वर्षं केलीत तर इच्छुकांना काय सांगणार? एक वर्षाची मुदत ही कामाची सोय नाही, नाराजांची सोय आहे. पाच वर्षांत पाच जणांना 'सभापती' अशी पाटी गाडीवर लावता येते. हे सगळ्या पक्षांना सोयीचं आहे, म्हणून ते बदलणार नाही. आणि खरेदी काढून घेतलीत तर सभेला येणार कोण, हेही विचारून बघा.

वाचनमात्र:
मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडे नळ सोडल्यावर पहिली दहाएक मिनिटं गढूळ पाणी येतं, थोडा वासही असतो. सांगायचं कुणाला, सभापतींना की अभियंत्यांना?

वॉल्व नंबर सात:
ताई, आधी पाणी उकळून प्या. तुमच्या घराकडे येणारी छोटी लाइन गटारातून किंवा गटाराला लागून जाते का बघा. पाणी बंद असताना लाइनमध्ये पोकळी होते आणि फुटक्या जागेतून घाण आत ओढली जाते, ती पहिल्या धारेला निघते. शेजारच्या कुठल्या घरापासून गढूळ येतं आणि कुठल्या घराला स्वच्छ, हे विचारा. फूट त्या दोघांच्या मध्ये असेल. चार घरांच्या सह्यांचा अर्ज पाणीपुरवठा अभियंत्यांना द्या, आवक क्रमांक घ्या, पाण्याचा नमुना तपासणीला पाठवायची मागणी त्यातच लिहा.

कोपऱ्यातला दिवा:
बघा, समिती कुठे लागली यात?

माजी सभापतीणबाई:
अजून अर्ज गेलाय फक्त. पाइप पाणीपुरवठ्याची, गटार आरोग्याचं, वरचा काँक्रीट रस्ता बांधकामाचा. तो खोदायला बांधकामवाले सहजी परवानगी देत नाहीत, कारण ठेकेदाराची दोषदायित्वाची मुदत, म्हणजे रस्ता बिघडला तर स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, चालू असते. या तीन टेबलांवरच्या माणसांना एका दिवशी त्या गल्लीत उभं कोण करणार, तेवढं सांगा.