शब्दचर्चा : कोकुबुनजी म्हणजे ‘राष्ट्रीय मंदिर’ का?

प्रश्न

नारा काळातल्या, म्हणजे आठव्या शतकातल्या, जपानवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘कोकुबुनजी’ हा शब्द पानोपानी येतो. कोशात ‘कोकु’ म्हणजे राष्ट्र आणि ‘जी’ म्हणजे मंदिर असे मिळाले, म्हणून मी ‘राष्ट्रीय मंदिर’ लिहिले. पण लेख म्हणतो की अशी मंदिरे साठाहून जास्त होती. आणखी एक. आईला मसुदा वाचून दाखवला, तर शेवटच्या ‘जी’मुळे तिला ते कुणा माणसाचे आदराने घेतलेले नाव वाटले. काय लिहावे?

उत्तर

आईंची शंका आधी. हा ‘जी’ आदरार्थी नाही. चिनी वळणाच्या उच्चारात देवळाला ‘जी’ म्हणतात, जसे तोदाइजी, होऱ्यूजी. अस्सल जपानी उच्चार ‘तेरा’. अक्षर एकच, वाचायच्या रीती दोन.

तुमचा घोटाळा झाला आहे तो ‘कोकु’पाशी, आणि तो कुणाचाही होईल. या अक्षराचा जपानी उच्चार ‘कुनि’. आज त्याचा अर्थ देश, राष्ट्र. पण आठव्या शतकात कुनि म्हणजे प्रांतही होता. राजधानीतून नेमलेला अधिकारी जो मुलूख सांभाळायचा तो एक कुनि, आणि असे साठाहून जास्त कुनि होते. शिकोकु बेटाचे नाव आपण भूगोलात वाचतो. त्याचा अर्थ ‘चार कोकु’, म्हणजे आवा, सानुकी, इयो आणि तोसा हे चार प्रांत. चार राष्ट्रे नव्हेत.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपला ‘देश’ अगदी असाच आहे. ‘देशासाठी लढले’ यातला देश वेगळा आणि ‘कोकणातून घाट चढून देशावर आले’ यातला देश वेगळा. देशस्थ या शब्दात भारत नाही, घाटमाथ्यापलीकडचा मुलूख आहे. जपानीतही एखाद्याला ‘तुमचा कुनि कोणता?’ असे विचारले, तर तो आपल्या मूळच्या भागाचे नाव सांगतो.

आता मधले अक्षर, जे तुमच्या भाषांतरातून पार निसटले आहे. ‘बुन’ म्हणजे वाटा, हिस्सा, एकेकाच्या वाट्याला येणारे. आजच्या बोलण्यात ‘सान-निन-बुन’ म्हणजे तीन माणसांपुरते. घरात तीन माणसांचा भात टाकायचा, तर तो सान-निन-बुन. म्हणून कोकु-बुन-जी म्हणजे दर प्रांताच्या वाट्याला एक, असे देऊळ. सगळी योजना या एका ‘बुन’मध्ये आहे, आणि ‘राष्ट्रीय मंदिर’ म्हटले की नेमकी तीच हरवते. मी ‘प्रांतवार विहार’ लिहीन. जिल्हावार, गाववार हे शब्द रोजचे आहेत, त्यामुळे ‘वार’ कानाला खटकत नाही.

‘मंदिर’ऐवजी ‘विहार’ अशासाठी की तिथे केवळ मूर्ती आणि पूजा नव्हती. सम्राट शोमूने ७४१ साली आज्ञा काढली, ती नीट बघा. दर प्रांतात एक भिक्षूंचा आणि एक भिक्षुणींचा विहार. पहिल्यात २० भिक्षू, दुसऱ्यात १० भिक्षुणी. कुणी कमी झाले तर जागा लगेच भरायची. भिक्षूंच्या विहाराला ५० घरांचा सारा आणि १० चो भातशेती, म्हणजे सुमारे ३० एकर. भिक्षुणींच्या विहारालाही १० चो. दर महिन्याच्या आठव्या दिवशी सुवर्णप्रभास सूत्र या बौद्ध ग्रंथाचे पठण. महिन्यातले सहा दिवस उपोसथाचे, म्हणजे व्रताचे, त्या दिवशी मासेमारी आणि शिकार कुणीच करायची नाही. माणसांची संख्या, उत्पन्न, दिनक्रम, सगळे ठरवून दिलेला हा मठच आहे.

प्रतिसाद

प्रांताचे पटले. पण मग याच विहारांच्या अधिकृत नावात ‘गोकोकु’ आहे, त्याचे काय? त्याचा अर्थ तर सगळे ‘राष्ट्ररक्षण’ असाच देतात. एकाच देवळाच्या दोन नावांत एकच अक्षर, आणि अर्थ दोन? आणि मी याला ‘राजाश्रय मिळालेले विहार’ म्हणत आलो आहे, ते चालेल ना?

उत्तर

फार चांगला मुद्दा काढलात. हो, अर्थ दोनच. अधिकृत नाव ‘कोन्कोम्यो-शितेन्नो-गोकोकु-नो-तेरा’, म्हणजे सुवर्णप्रभास सूत्रातले चार महाराज ज्याच्या द्वारे देशाचे रक्षण करतात तो विहार. इथला ‘कोकु’ मोठा, अख्ख्या राज्याएवढा. ‘कोकुबुनजी’तला कोकु लहान, एका प्रांताएवढा. हे दोन्ही अर्थ एकमेकांना लागून उभे आहेत, कारण योजनाच तशी होती. ज्या राजाच्या मुलखात हे सूत्र वाचले जाते त्याचे रक्षण आम्ही करू, असे वचन त्या सूत्रात चार दिशांचे चार महाराज देतात. सगळा देश राखायचा, तर प्रांतोप्रांती पठण झालेच पाहिजे.

देश राखायची एवढी निकड का वाटली, हेही तुमच्या टिपेत यावे. ७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीने जपान पोळून निघाला. दरबारातले सर्वांत बलाढ्य असे फुजिवारा घराण्यातले चार भाऊ ७३७ या एकाच वर्षात गेले. ७४० मध्ये त्याच घराण्यातल्या हिरोत्सुगुने क्यूशूत बंड केले. पुढच्याच वर्षी ही आज्ञा निघाली. दर प्रांतात सात मजली पॅगोडा उभारायचा, आणि सम्राटाने स्वतः सोनेरी अक्षरांत लिहिलेली सूत्राची प्रत प्रत्येक पॅगोड्यात ठेवायची, असे तिच्यात आहे. जांभळ्या कागदावर सोन्याच्या अक्षरांत लिहिलेल्या सूत्राच्या गुंडाळ्या नाराच्या संग्रहालयात आजही आहेत.

‘राजाश्रय’ मात्र मी टाळेन. आधीपासून असलेल्या कलेला, पंथाला, विद्वानाला राजा हात देतो तो राजाश्रय. इथे विहारच राजाज्ञेने जन्माला आले. ‘राजाज्ञेने उभारलेले’ हे लांब आहे, पण खरे आहे. आणि आज्ञा निघाली म्हणून काम लगेच झाले असेही नाही. ७४७ मध्ये पुन्हा फर्मान काढावे लागले. त्यात स्थानिक जिल्हाप्रमुखांना सांगितले की तीन वर्षांत काम पुरे करा, म्हणजे तुमचे पद वंशपरंपरेने तुमच्याच घरात राहील. तोक्योजवळच्या मुसाशी प्रांताच्या विहाराची कौले उत्खननात सापडली आहेत. त्यांच्यावर जिल्ह्याजिल्ह्यांची नावे आहेत, कोणत्या जिल्ह्याच्या वाट्याची कौले कोणती ते कळावे म्हणून. ‘बुन’ तिथे अक्षरशः मातीत उमटला आहे.

त्याच विहारावरून कोकुबुनजी हे शहर आणि रेल्वे स्टेशन आले. १९२६ मध्ये कोकुबुनजी आणि ताचिकावा यांच्यामध्ये नवे स्टेशन झाले, तेव्हा दोन्ही नावांचे पहिले अक्षर घेऊन ‘कुनिताची’ हे नाव केले. तीच दोन अक्षरे ‘कोकुरित्सु’ अशी वाचली, तर अर्थ होतो ‘राष्ट्रीय’! हे उदाहरण जवळ ठेवा, तुमच्या संपादकांना कामी येईल.

पहिला प्रश्न विचारणारी

‘प्रांतवार विहार’ घेतला. आता भिक्षुणींच्या विहाराला ‘कोकुबुन-निजी’ म्हटले आहे, त्यातला ‘नि’ कुठला?

उत्तर

तो आपल्याकडचाच. भिक्षुणी शब्दाचे चिनी वळणाचे रूप ‘बिकुनि’, त्यातले शेवटचे ‘नि’ तेवढे उरले. भिक्षूंचा विहार वेगळा दाखवायचा असेल तेव्हा ‘कोकुबुन-सोजी’ म्हणतात, त्यातला ‘सो’ हा ‘संघ’ शब्दाचा अवशेष. पॅगोड्याला ‘तो’ म्हणतात तो स्तूपातला. ‘णी’, ‘संघ’, ‘स्तूप’ असे झिजून झिजून एकेका अक्षराएवढे उरले आणि जपानच्या टोकापर्यंत पोचले, हे मला दर वेळी नव्याने भारावून टाकते. शब्दच नव्हे, माणूसही पोचला होता. सर्व प्रांतवार विहारांचा मुख्य विहार मानला गेला तो नाराचा तोदाइजी. ७५२ मध्ये तिथल्या महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्याचा विधी, केले ते भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूने.

निजीच्या अधिकृत नावाकडेही लक्ष द्या : ‘होक्के-मेत्सुझाइ-नो-तेरा’. होक्के म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्र. ‘मेत्सुझाइ’साठी ‘पापक्षालन’ पटकन सुचेल, पण क्षालनात धुणे आहे आणि ‘मेत्सु’ म्हणजे विझणे, नाहीसे होणे. मी ‘पापनाशन’ घेईन. या विहारांचा मुख्य विहार म्हणजे नाराचा होक्केजी. शोमूची राणी कोम्यो हिच्या वडिलांचा तो वाडा होता. राणीने तो विहाराला दिला, आणि होक्केजी आजही त्याच जागी आहे.