लहान स्टेशनवर टर्नअराउंड वेळेत कसं बसवायचं? आहे त्याच माणसांत

सांबरा_शिफ्टवाला:
नमस्कार मंडळी. मी बेळगावात सांबऱ्याला ग्राउंड हँडलिंगमध्ये आहे, कंपनीचं नाव घेत नाही. आमच्यात काउंटरवरचीच माणसं नंतर गेटवर जातात आणि गेटवरची परत खाली अ‍ॅप्रनवर, म्हणजे विमान उभं राहतं तिथं, त्यामुळं विमान आलं की एकदमच पळापळ. एटीआरला, म्हणजे पंख्याच्या लहान विमानाला, आल्यापासून परत सुटेपर्यंत जेमतेम अर्धा तास मिळतो, हाच टर्नअराउंड, त्यात पॅसेंजर उतरवा, क्लिनिंग, लगेज, व्हीलचेअर, परत बोर्डिंग. वरनं मेल येतोय डिले कमी करा, आणि माणसं मागितली की बजेट नाही. काय करता येईल सांगा. बेंगळुरू-मुंबईचं उदाहरण नको, तिथं एका कामाला एक माणूस असतंय.

लोडशीट_काका:
आधी बघा की डिले नक्की तुमचा किती. विमान वीस मिनिटं उशिरा आलं आणि पस्तीस मिनिटं उशिरा गेलं तर पंधरा मिनिटं स्टेशनची. पण बऱ्याच ठिकाणी सगळंच 93 नंबरच्या डिले कोडमध्ये, म्हणजे "मागचं विमान लेट" मध्ये घालून मोकळे होतात, कारण कुणाला बोलणी खावी लागत नाहीत. मिनिटं वाटून दोन कोड लावता येतात की. व्हीलचेअरला 19, बॅगेजला 18, चेक-इन करून गायब झालेल्या पॅसेंजरला 15, लोडशीटला, म्हणजे विमानाच्या वजन-तोलाच्या कागदाला, 31. महिनाभर खरं लिहा, मग माणसं मागताना हातात कागद असतोय, नुसतं "सर लोक कमी आहेत" म्हटलं तर कोण ऐकतंय.

दुसरं, विमान तिकडनं उडालं की एलडीएम (लोडचा मेसेज) आणि पीएसएम (पॅसेंजरच्या मदतीचा मेसेज) येतात, कुठल्या होल्डमध्ये, म्हणजे विमानातल्या सामानाच्या कप्प्यात, किती बॅगा, व्हीलचेअर किती, सगळं त्यात. विमान अजून हवेत असतंय तेव्हा हे वाचून खुर्च्या आणि माणसं जागेवर लावायची. मी बघितलेल्या लहान स्टेशनांवर ते मेसेज प्रिंट होऊन फाइलला लागायचे, वाचत कोणी नव्हतं. विमान उभं राहून चाकांना चॉक्स (अडणी) लागल्यावर कळतंय की तीन व्हीलचेअर आहेत, मग गेटवरचा माणूस खाली पळतो आणि बोर्डिंग थांबतं.

गडहिंग्लजची_पोर:
मी नुसती पॅसेंजर, पण एक सांगू का. आमच्या गडहिंग्लज-चंदगडकडनं बरेच लोक सांबऱ्यालाच येतात, त्यात म्हातारी माणसं आणि पहिल्यांदा बसणारे खूप. मागं एकदा सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेनंतर पाहुण्यांना सोडायला मी आले होते, त्यांच्या बॅगेत अख्खं सुकं खोबरं निघालं, ते लगेजमध्ये चालत नाही हे बिचाऱ्यांना कुठलं माहीत. तोवर ते सिक्युरिटी करून आत जाऊन बसलेले, परत बोलवा, बॅग उघडा, घरच्यांना फोन. पॉवर बँकचं पण तेच. अनाउन्समेंट इंग्रजीत आणि हिंदीत झाली, ती त्यांना कळायची कशी? बॅग टाकायच्या आधीच काउंटरवर मराठीत नाहीतर कन्नडमध्ये "खोबरं, पॉवर बँक, लायटर आहे का" एवढं विचारलं असतं तर?

सांबरा_शिफ्टवाला:
ताई हे अगदी बरोबर, आमचा एक माणूस रोज यातच अडकतो. बोर्ड आहे पण चित्रं बारीक, बघतंय कोण.

रॅम्पवरचा_गडी:
काकांचं पटलं पण सगळं कामाच्या क्रमावर ढकलू नका ओ, माणसं खरंच कमी असतात आणि मग पहिल्यांदा काय कापतात तर सेफ्टी. एटीआरला लोक मागच्या दारानं चढतात, शेपटीखाली टेल स्टँड, म्हणजे टेकू, लागतोच, तो घाईत राहिला तर काय होईल सांगायला नको. जीपीयू, म्हणजे उभ्या विमानाला वीज देणारं डिझेल मशीन, बंद पडला तर उजवं इंजिन पंख्याला ब्रेक लावून चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. त्या मशीनची दुरुस्ती लांबवून कंपनी पैसे वाचवते आणि इकडं विमानाचं इंधन जळतंय, वर त्या आवाजात एकमेकांचं ऐकू येत नाही. आणि पावसाळ्यात विजांचा अलर्ट लागला की रॅम्प बंद, तिथं कुणाचं काय चालत नाही, तो डिले सरळ वेदरला लिहा, लोडरला शिव्या नकोत.

एक ट्रिक सांगतो. जो काउंटर बंद होता होता येतो तोच गेटवर पण उशीर करतो, आणि तो आलाच नाही तर त्याची बॅग काढल्याशिवाय विमान सुटत नाही. उशिरा आलेल्या बॅगा वेगळ्या ट्रॉलीत ठेवा, शेवटी दाराजवळ घाला आणि टॅग नंबर कागदावर. काढायला दोन मिनिटं, नाहीतर सगळा होल्ड उपसा.

लोडशीट_काका:
हे भारी. फक्त ट्रॉली वेगळी केली की कुठल्या होल्डला किती बॅगा गेल्या ते लोडशीटवाल्याला लगेच सांगायचं, नाहीतर ट्रिम, म्हणजे विमानाचा तोल, चुकतंय.

सांबरा_शिफ्टवाला:
उद्यापासनं एलडीएम वाचायचं काम काउंटर बंद झाला की एकालाच देतो, आणि खोबऱ्याचं मोठं चित्र आमच्या एका लोडरची बहीण काढून देणार आहे, पेंटर आहे ती. 93 चं मॅनेजरला कसं सांगायचं तेवढं सांगा, त्याचा रिपोर्ट आत्तापर्यंत चकाचक जातोय.