यान स्तानिस्वाफ्स्की यांची निसर्गचित्रे इतकी लहान का?

रेषावेल: पोलिश निसर्गचित्रकार यान स्तानिस्वाफ्स्की (१८६०–१९०७) यांची चित्रे मी आजवर केवळ पडद्यावर पाहिली होती. युक्रेनमधील मोकळे माळ, पाण्याकाठचे पॉप्लर वृक्ष आणि ढगांनी भरलेले आकाश पाहून ती भिंतभर असावीत, असेच मी धरून चालले होते. मापे वाचली तेव्हा कळले की त्यांतील कित्येक चित्रे तळहाताहून फारशी मोठी नाहीत. पैशाअभावी त्यांना एवढ्या लहान पुठ्ठ्यांवर काम करावे लागले, की ही त्यांची निवड होती?

कुंचला: निवडच होती, असे माझे ठाम मत आहे. मोठ्या कामाचा अनुभव त्यांना नव्हता असे नाही. युलियन फावात आणि वॉइचेख कोसाक यांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये बर्लिनला पूर्ण झालेल्या ‘बेरेझिना’ या अवाढव्य वर्तुळाकार युद्धचित्राच्या निसर्गभागावर त्यांनी काम केले होते. तरीही स्वतःच्या चित्रांसाठी ते लहान फळी किंवा पुठ्ठाच घेत. उघड्यावर बसून रंगवणाऱ्याला बदलता उजेड फार वेळ देत नाही. लहान पृष्ठभाग मात्र तो उजेड सरण्याआधी एका बैठकीत पुरा होतो, आणि रंग ओला असतानाच त्यावर दुसरा रंग चढवता येतो. (ते देहाने चांगलेच धिप्पाड होते, हे कळल्यापासून ही इवली चित्रे मला अधिकच जिव्हाळ्याची वाटतात.)

जुना विद्यार्थी: वरील उत्तराला मी एवढीच जोड देईन की लहान चित्र म्हणजे मोठ्या चित्राची पूर्वतयारी, ही समजूत त्यांनी मोडली. त्यांची काटेरी रानझुडपांची चित्रे अवश्य पाहा. चित्रकार जणू जमिनीला टेकून बसला आहे, त्यामुळे एरवी पायदळी जाणारे झुडूप आकाशाला भिडते. अशा चित्राला आणखी किती जागा हवी? वॉर्सा येथे गणित शिकलेला हा मनुष्य चित्रकलेकडे वळला, १८८५ मध्ये पॅरिसला गेला, तरी उजेडासाठी पुन्हा पुन्हा युक्रेनला, आपल्या जन्मभूमीकडे, परतत राहिला.

त्यांचे अध्यापन मला चित्रांइतकेच मोलाचे वाटते. पोलंडची तीन साम्राज्यांत वाटणी झालेली असताना, ऑस्ट्रियाच्या ताब्यातील क्राकूफच्या कलाशाळेत फावात यांनी नवे वारे आणले. १८९७ पासून तेथील निसर्गचित्रणाचा वर्ग स्तानिस्वाफ्स्कींकडे होता. विद्यार्थ्यांना चार भिंतींत न बसवता ते तिन्येत्स, झाकोपाने अशा ठिकाणी घेऊन जात. स्तानिस्वाव कामोत्स्की आणि स्तेफान फिलिप्क्येविच हे त्याच वर्गातून घडले. अवघ्या दहा वर्षांच्या या कामातून पोलिश निसर्गचित्रणाची एक पिढी उभी राहिली.

रेषावेल: दोघांचेही मनापासून आभार. आज त्यांच्या एका चित्राच्या मापाचा कागद कापून समोर ठेवला आणि मगच पडद्यावरचे चित्र पुन्हा पाहिले. ढगाचा जो भाग मला बारकाईने रंगवलेला वाटत होता, तो मूळ मापात कुंचल्याचे दोन-तीन फटकारेच असणार, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले.

कुंचला: आता ‘पाण्याकाठचे पॉप्लर’ हे १९०० चे चित्र पाहा. ते त्यांच्या मोजक्या मोठ्या चित्रांपैकी एक असून क्राकूफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तेथे मात्र झाडांची उंची खरोखरच कॅनव्हासभर चढलेली दिसते.