तिन्ही दलांच्या रसद स्टाफचं एकत्र ट्रेनिंग नेमकं कसं असावं?

रसदवाला

मंडळी नमस्कार. इथे प्रत्यक्ष नोकरी केलेलेही आहेत आणि विषयाचा मनापासून अभ्यास करणारेही, म्हणून विचारतोय. लॉजिस्टिक्सच्या एका कोर्सचा अभ्यासक्रम नव्याने बसवायचाय आणि मी त्या टीममध्ये आहे. भूदल, नौदल, हवाई दल तिन्हीकडचे मधल्या हुद्द्याचे अधिकारी आणि स्टोअर, ट्रान्सपोर्ट सांभाळणारे अनुभवी जवान एकाच वर्गात बसणार.

आत्तापर्यंत काय व्हायचं तर प्रत्येक दल आपापली ओळख करून देतं, स्लाइड्स दाखवतं, मग शेवटी एक टेबलावरचा एक्सरसाइज, सगळे चांगल्या मार्कांनी पास. पण हीच माणसं खऱ्या संयुक्त सरावात समोरासमोर आली की गाडं अडतं. भूदलाने मागणी पाठवलेली असते पण आधी काय उतरवायचं ते सांगितलेलं नसतं, जहाज भरणाऱ्याने आपल्या सोयीने भरलेलं असतं, हवाई दलवाला वजन विचारतो तर कुणाकडे आकडा नाही. माणसं हुशार आहेत, मेहनती आहेत, तरी असं होतं म्हणजे आम्ही शिकवतोय त्यातच काहीतरी राहतंय.

मला मुख्य विचारायचंय ते हे की एकत्र शिकवणं करिअरमध्ये किती लवकर सुरू करावं, वर्गात किती आणि सरावात किती, आणि मार्क द्यायचे कोणत्या गोष्टीला? प्रत्येकाला वेगळे मार्क दिले की प्रत्येक जण आपल्या दलाचंच बघतो असं माझं निरीक्षण आहे.

जुना_डेपो

तुमच्या टेबल एक्सरसाइजमध्ये कमी काय पडतं ते आधी सांगा. बहुतेक ठिकाणी काहीच कमी पडत नाही. जहाज वेळेवर, धक्का मोकळा, विमानं मागाल तेवढी, इंधनाचा आकडा कागदावर हिरवाच. मग तिघांना एकमेकांशी बोलायची गरजच पडत नाही आणि बोलले नाहीत तर शिकणार काय. एकाच क्रेनवर तिघांचा हक्क आहे आणि क्रेन चालणार फक्त सहा तास, असं काहीतरी समोर ठेवा, मग बघा कोण कुणाला फोन करतं.

इतिहासातलं उदाहरण द्यायचं तर मी दुसऱ्या महायुद्धातलं, 1944 चं बेल्जियममधलं अँटवर्प बंदर देईन. 4 सप्टेंबरला बंदर दोस्तांच्या हातात आलं, तेही जवळजवळ शाबूत, क्रेन गोदामं सगळं. पण समुद्रातून बंदराकडे यायचा रस्ता म्हणजे शेल्ट नदीचं मुख, त्याचे काठ जर्मनांकडे आणि पाण्यात सुरुंग. पहिला मालाचा ताफा धक्क्याला लागला 28 नोव्हेंबरला! भूदलाच्या नकाशावर बंदर घेतलं म्हणजे काम झालं होतं, नौदलाच्या हिशोबाने ते सुरूही झालं नव्हतं. आणि तोवर पुढच्या सैन्याचं ओझं बरंचसं ट्रकवर, तीच ती रेड बॉल एक्स्प्रेस नावाची ट्रकची अखंड रांग, 25 ऑगस्टपासून 16 नोव्हेंबरपर्यंत रात्रंदिवस, ट्रकच इतकं पेट्रोल प्यायचे की पुढे पोचवायचं किती आणि वाटेत जाळायचं किती हा हिशोब रोजचा, शिवाय टायर आणि ड्रायव्हर दोन्ही झिजले ते वेगळंच. हा एवढा एक प्रसंग तिन्ही दलांच्या लोकांना एका टेबलावर बसवून उलगडायला लावा, "बंदर घेतलं" हे कुठल्या दिवशी म्हणायचं ते त्यांनाच ठरवू दे. एक अख्खा दिवस त्यात जाईल आणि जाऊ द्या.

दुसरं म्हणजे मधेच काहीतरी हिरावून घ्या. ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धात 25 मे 1982 ला ब्रिटिशांच्या अटलांटिक कन्व्हेयर ह्या मालवाहू जहाजाला एक्झोसेट क्षेपणास्त्र लागलं, त्यावरची तीन चिनूक, म्हणजे मोठी मालवाहू हेलिकॉप्टरं, गेली, तंबू गेले, आणि हेलिकॉप्टरने सैनिक पुढे न्यायचा बेत तिथेच कोलमडला, माणसं पाठीवर ओझं घेऊन बेट चालत गेली. हवेत होतं म्हणून एकच चिनूक वाचलं. आता सरावात दुसऱ्या सकाळी तुम्ही जाहीर करा की अमुक जहाज गेलं, आणि तासाभरात दोन उत्तरं मागा, त्या जहाजावर काय काय होतं, आणि उरलेलं एक हेलिकॉप्टर कुणाला द्यायचं हे कोण ठरवणार. पहिल्याचं उत्तर देता आलं नाही तर तुमच्या वर्गात लोडिंगच्या याद्या नीट शिकवल्या जात नाहीयेत. दुसऱ्याचं आलं नाही तर मात्र अडचण मोठी आहे, कारण अधिकार कुणाचा हेच कुणाला माहीत नाही.

आणि हो, डेटा खराब द्या. 1991 च्या आखाती युद्धात सुमारे 40,000 कंटेनर पाठवले गेले आणि त्यातले निम्म्याच्या आसपास आत काय आहे ते बघायला उघडावे लागले. माल दिसत नाही म्हटल्यावर युनिट तीच मागणी परत टाकतं, मग परत, आणि धक्क्यावर डोंगर वाढतो. सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगमध्ये सगळा डेटा स्वच्छ असतो म्हणून हे कधी अनुभवाला येत नाही.

खारं_वारं

डेपोसाहेबांचं पटलं पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. लोक फार लवकर जॉइंट शिकवायला जातात. ज्याला स्वतःच्या दलाची रसद पोटातून कळलेली नाही तो संयुक्त टेबलावर बसून करणार काय? तिथे त्याला "आमचं जहाज हे असं भरतं आणि ह्या कारणासाठी भरतं" हे ठणकावून सांगता आलं पाहिजे. नोकरीची पहिली काही वर्षं आपल्याच दलात, स्टोअरमध्ये, डेकवर, कॉन्व्हॉयमध्ये काढू द्या. ओळख म्हणून थोडं आधी दाखवा, पण असा पूर्ण कोर्स नंतरच.

मात्र जिथे एका दलाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं ते सांधे तपशीलात शिकवा, स्लाइडवर एक ओळ टाकून नको. इंधनाचंच घ्या. नाटोमध्ये जमिनीवरच्या विमानांना जे एफ-34 इंधन चालतं त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते ते, किमान 38 अंश सेल्सियस, आणि जहाजावर ठेवायचं एफ-44 किमान 60 अंशांचं, कारण बंदिस्त जहाजात आग लागली तर पळायला जागा नसते. आता भूदलाचं हेलिकॉप्टर टाकीत पहिलं इंधन घेऊन माझ्या डेकवर उतरलं की ते हँगरमध्ये घ्यायचं का हा प्रश्न आला. हेलिकॉप्टरच्या टीमला वाटतं नौदलवाले उगाच अडवतात. कारण एकदा नीट कळलं की तोच माणूस निघायच्या आधी फोन करून विचारतो, हा फरक मी पाहिलाय.

तसंच पॅलेटचं, म्हणजे माल ज्यावर रचून बांधतात त्या सपाट तळाचं. अमेरिकन बनावटीच्या मालवाहू विमानांचं 463एल पॅलेट 88 बाय 108 इंच, त्यावर जास्तीत जास्त 10,000 पौंड. जहाजवाला 20 फुटी कंटेनरमध्ये विचार करतो, ट्रकवाला आपल्या हौद्याच्या मापात. माल एकाकडून दुसऱ्याकडे गेला की कुठेतरी हाताने उतरवून परत रचावा लागतो आणि दिवस तिथेच जातात. म्हणून प्रत्यक्ष माल द्या लोकांना. तोच माल ट्रकवर, मग जहाजात, मग विमानात, तिन्ही वेळा त्यांनीच भरायचा, वजन करायचं, बांधायचा. दारूगोळा असेल तर कशाशेजारी काय ठेवायचं नाही त्याचे नियमही तेव्हाच डोक्यात बसतात. आणि लढाईसाठी जहाज भरताना किनाऱ्यावर जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं, हे वाचून सगळ्यांना येतं, घामाघूम होऊन एकदा उलटं भरलेलं जहाज रिकामं केलं की कायमचं येतं.

उंच_घार

हवाई दलाच्या बाजूने थोडं. शिकवलेलं टिकत नाही ह्याकडे कुणी बघत नाही. कोर्स झाला, माणूस बदलीवर गेला, पुढे संयुक्त कामाशी संबंधच नाही, मग ऐन वेळी त्याच्याकडून काय अपेक्षा करणार. अमेरिकेने गाझाच्या किनाऱ्यावर उभारलेला तरंगता धक्का आठवा, 17 मे 2024 ला त्यावरून मदत उतरायला सुरुवात झाली, आठवडाभरात लाटांनी तो मोडला, दुरुस्ती, परत बंद, आणि जुलैत गुंडाळला. नंतर अमेरिकेच्याच संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी 2025 मध्ये म्हटलं की त्यांच्या भूदलाने आणि नौदलाने ह्या कामासाठी ठरलेली ट्रेनिंगची आणि साधनांची पातळी राखली नव्हती, आणि दोघांची साधनं एकमेकांना जुळतील अशी बनवलेलीही नव्हती. इतका पैसा असलेल्या सैन्याची ही गोष्ट. समुद्र खवळलेला होता हे खरंच, पण सरावही आटलेला होता.

ह्याच्या उलट बर्लिन एअरलिफ्ट, म्हणजे 1948-49 मध्ये सोव्हिएतांनी रस्ते अडवल्यावर पश्चिम बर्लिनला विमानांनी केलेला पुरवठा. त्यासाठी सी-54 ह्या मालवाहू विमानांच्या बदली क्रूना मोंटानातल्या ग्रेट फॉल्सला तयार करायचे, तिथे बर्लिनच्या हवाई मार्गांसारखेच मार्ग आणि तशाच उतरायच्या पद्धती आखल्या होत्या, म्हणजे माणूस जर्मनीत पोचायच्या आधीच त्याच वाटेने उडून आलेला असायचा. आणि 13 ऑगस्ट 1948 च्या खराब हवामानात वर विमानांची गर्दी होऊन गोंधळ झाल्यावर एअरलिफ्टचे प्रमुख जनरल टनर यांनी नियमच केला की पहिल्या प्रयत्नात उतरता आलं नाही तर घिरट्या नाहीत, माल घेऊन सरळ परत. एका विमानाचा माल परत गेला तरी मागची रांग तुटत नाही. 1949 च्या एप्रिलमध्ये एका दिवसात जवळजवळ 1,400 फेऱ्या झाल्या त्या ह्या शिस्तीवर. तुमच्या लोकांना नेमकं कुठे पाठवायची शक्यता आहे त्या बंदराची, त्या धावपट्टीची, त्या रस्त्याची नक्कल करून सराव द्या. काल्पनिक देश, काल्पनिक बंदर ह्यात माणूस मनापासून शिरत नाही.

रसदवाला

खूप उपयोगी पडतंय सगळं, मनापासून आभार. प्रत्यक्ष माल तीनदा भरायची कल्पना मी उद्याच टीमपुढे मांडतो, आणि खारं_वारं यांचा आधी आपल्या दलात मुरू द्या हा मुद्दाही पटला, फक्त जवानांच्या बाबतीत थोडं लवकर आणावं असं मला वाटतं कारण हातातलं काम तेच करतात. पण दोन गोष्टी अजून सुटत नाहीत. मार्कांचं काय, आणि लढाईचे बेत आखणारे वरचे अधिकारी, जे आमच्या कोर्सला येतच नाहीत, त्यांचं काय? रसदवाल्याने कितीही शिकून घेतलं तरी बेत ठरल्यावर शेवटी "आता हे पोचवा" म्हणून त्याला बोलावलं तर तो काय करणार.

वर्गातली_ताई

मी शिकवण्याच्या बाजूची आहे म्हणून मार्कांचं आधी सांगते. वैयक्तिक मार्क पूर्ण काढू नका, लोक टीमच्या मागे लपतात. पण मोठा हिस्सा टीमला द्या आणि निकालावर कमी, निर्णयाच्या नोंदीवर जास्त द्या. प्रत्येक टीमने वही ठेवायची, कितीला कळलं, कुणाला सांगितलं, काय पर्याय होते, कुणाचं काय कापलं आणि का. माल पोचला पण दुसऱ्या दलाला न विचारता त्याची विमानं पळवून पोचवला तर मार्क कमी. माल अर्धाच पोचला पण कमांडरला वेळेत खरं सांगितलं की अर्धाच पोचेल, तर मार्क भरपूर. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा म्हणजे वागणं बदलतं. आणि भूमिका बदला, एक दिवस भूदलवाल्याला जहाजाचा लोडिंग ऑफिसर करा, दुसऱ्या दिवशी नौदलवाल्याला पुढच्या ब्रिगेडचा साठा सांभाळू द्या. "तीन दिवसांचा साठा आहे" ह्या वाक्यामागे कुठला खर्च धरलाय, बसून राहिल्याचा की लढतानाचा, हे तेव्हा विचारायला लागतात.

वरच्या अधिकाऱ्यांचं म्हणाल तर नुसत्या विनंतीने होत नाही, बढतीच्या नियमाने होतं. 1983 च्या, ग्रेनाडा ह्या कॅरिबियन बेटावरच्या मोहिमेत अमेरिकेच्या दलांचे रेडिओ एकमेकांशी नीट बोलत नव्हते, नकाशेही सारखे नव्हते, आणि अशाच अनुभवांतून 1986 चा गोल्डवॉटर-निकोल्स कायदा आला. त्यात संयुक्त शिक्षण आणि संयुक्त नेमणूक ह्या गोष्टी वरच्या हुद्द्याच्या वाटेवरच आणून ठेवल्या. त्यानंतर चांगले अधिकारी ह्या नेमणुका टाळेनात. तुमच्या टीमला कायदा करता येणार नाही हे मान्य, पण कोर्सच्या शेवटच्या सरावात खरे ऑपरेशन्सचे अधिकारी बसवा, बेत आखायला पहिल्या तासापासून रसदवाला शेजारी, आणि त्याला स्पष्ट "हे होणार नाही, हे होईल, इतक्या दिवसांत होईल" असं म्हणायचा अधिकार. ते म्हणायलाही सराव लागतो, वरिष्ठांसमोर आकडा घेऊन उभं राहणं पुष्कळांना जमत नाही, तेव्हा ते वर्गातच करून घ्या.

जुना_डेपो

ताईंच्या वहीच्या कल्पनेला माझं पूर्ण अनुमोदन. त्यात एक भर. सराव संपल्यावर त्या वह्या तिन्ही दलांच्या डेपोंना वाचायला पाठवा, कोर्सच्या फायलीत बंद ठेवू नका. आणि मालवाहतूक, बंदर, रेल्वे चालवणारे नागरी लोक आहेत त्यांच्यातला एखादा तरी सरावात बसवा, प्रत्यक्षात मालाचा मोठा भाग त्यांच्याच हातून जातो आणि आपले लोक त्यांच्याशी पहिल्यांदा बोलतात ते ऐन घाईत.

रसदवाला

नागरी लोकांचं आमच्या आराखड्यात नव्हतंच, घेतो. आत्ता असं ठरवतोय, पहिला आठवडा सांध्यांचा तपशील, मग माल भरणं, मग खराब डेटा आणि एक जहाज गमावलेला मोठा सराव, त्यात भूमिका बदलून आणि वहीवर मार्क. ऑपरेशन्सचे अधिकारी किती दिवस देतील ते वर विचारावं लागेल, निदान बेत आखायचा पहिला दिवस तरी मागणारच आहे. पहिली बॅच झाली की काय चाललं आणि काय नाही ते इथेच लिहितो. वहीचा नमुना कुणाकडे तयार असेल तर प्लीज टाका.