मदत हवी आहे : गोळीमुळे माणूस बदलतो, हे आईला कसं पटवू?

बाबांना पार्किन्सन्स आहे. या आजारात मेंदूतल्या डोपामिन (हालचाली नीट व्हायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून डोपामिनची नक्कल करणारी प्रामिपेक्सोल नावाची गोळी सुरू झाली. हालचाली सुधारल्या, पण काही महिन्यांत भलतंच सुरू झालं. जुन्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहिणारा हा माणूस रात्री दोनला पांघरुणात मोबाइल धरून पत्त्यांवर पैसे हरत होता. विचारलं की अंगावर यायचे. गोळीसोबतच्या पत्रकात बारीक अक्षरात जुगाराची अनावर ओढ हा दुष्परिणाम छापलेला होता; आम्ही कुणी वाचलाच नव्हता!

डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला (ही गोळी एकदम बंद करायची नसते), तशी ओढ ओसरली.

आई मात्र म्हणते, "गोळी काय हात धरून खेळायला लावते?" बाबा शरमेने गप्प. तिला कसं सांगू? कुणाच्या घरी असं झालंय का? आता लेव्होडोपा (ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं ते दुसरं औषध) वाढवणार आहेत, त्यावर ही ओढ परत आली का कुणाला? आणि पैशांचे व्यवहार सध्या मी हातात घेऊ, की त्यांना ते लागेल?