चार्टिस्टांचं खरं हत्यार कोणतं: सह्यांचा अर्ज की बॉयलरचं बूच?

धागाकर्ता:
1838च्या ब्रिटनमधल्या पीपल्स चार्टरमध्ये, म्हणजे कामगारांच्या मतहक्काच्या सनदेत (तिचे समर्थक ते चार्टिस्ट), सहा मागण्या होत्या: 21 वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदारकीसाठी मालमत्तेची अट रद्द, खासदारांना पगार, सारखे मतदारसंघ, दरवर्षी निवडणूक. त्यासाठी संसदेकडे सह्यांचे तीन अर्ज गेले, तिन्ही वाया. 1842च्या अर्जावर 33 लाखांवर सह्या होत्या. भेंडोळं संसदेच्या दारातून आत जाईना, शेवटी सुटं करून न्यावं लागलं. शिक्षणाच्या टिपणामुळे आपल्याला ठाऊक असलेला मेकॉले तेव्हा सभागृहात म्हणाला की सार्वत्रिक मताधिकार आला तर मालमत्ता टिकणार नाही. निकाल 287 विरुद्ध 49. ज्याला मतच नाही, त्याच्या सहीला सभागृह कशाला भीक घालेल? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लँकेशायर या इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या भागातल्या कामगारांनी बॉयलरची बुचं काढली. पाणी वाहून गेलं की वाफ पडते, इंजिन थांबतं, अख्खी गिरणी बंद. हाच मार्ग खरा होता.

प्रतिसाद 1:
साफ असहमत. संप पेटला मजुरीकपातीवरून. मँचेस्टरच्या कामगार प्रतिनिधींनी चार्टरची मागणी त्याला ऑगस्टच्या मध्यावर जोडली. संपनिधी नाही, घरात साठवण नाही, किती आठवडे तग धरणार? फौज रेल्वेने आणली गेली. प्रेस्टनला 13 ऑगस्टच्या गोळीबारात चौघे मेले. आणि चार्टिस्टांचा पुढारी खुद्द फर्गस ओ'कॉनरला यात गिरणीमालकांचाच डाव दिसला!

प्रतिसाद 2:
अर्ज फसला तो तपासणीअभावी. 1848च्या तिसऱ्या अर्जात दावा 57 लाख सह्यांचा. 13 कारकुनांनी 17 तास बसून मोजल्या तेव्हा भरल्या 19,75,496. पानंच्या पानं एकाच हाताची, मध्येच व्हिक्टोरिया राणी आणि वेलिंग्टनचं नाव. लिहिता न येणाऱ्यांची नावं दुसरा कुणी लिहायचा, हेही त्यामागचं एक कारण. पण हा आकडाही तेव्हाच्या एकूण मतदारांपेक्षा मोठा होता, हे कुणी बोलतच नाही.

धागाकर्ता:
मग त्या 19 लाखांचं काय झालं? हसण्यावारी नेले. उलट 1866त मताधिकारासाठी जमलेल्या गर्दीपुढे लंडनच्या हाइड पार्कचे कठडे पडले, 1867च्या मे महिन्यात बंदी झुगारून तिथेच सभा झाली, आणि त्याच वर्षी शहरांतल्या घरधारक कामगारांना मत मिळालं.

प्रतिसाद 1:
ती सभा घेणाऱ्या रिफॉर्म लीग या मताधिकारासाठी लढणाऱ्या संघटनेच्या पाठीशी युनियन होत्या, शिवाय उदारमतवादी कारखानदारांचा पैसा होता. 1842च्या विणकराकडे यातलं काय होतं?