जुन्या रेडिओच्या डायलवर 'ड्रॉइटविच' लिहिलंय, हे काय प्रकरण आहे?

गावभागकर:
नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागातला आमचा वाडा उतरवायला काढलाय, तर माळ्यावर थोरल्या आजोबांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीचा, काचेच्या नळ्यांचा) रेडिओ सापडला. ते साठच्या दशकात इंग्लंडला होते, येताना घेऊन आलेले. पितळी जाळी, लाकडी खोकं, वजन असलं की दोघांनी धरून खाली आणला. डायलवर मीडियम वेव्ह आहे आणि लाँग वेव्ह म्हणून एक वेगळा पट्टा आहे, त्यावर लक्झेंबर्ग, कालुंडबोर्ग आणि १५०० मीटरजवळ ड्रॉइटविच. हे स्टेशन होतं का गाव? आणि इथं लागेल का? आजी म्हणते त्या पट्ट्यावर कायम नुसती खरखरच यायची.

तारवाला_सातारा:
दोन्ही. गाव इंग्लंडात वूस्टरशरमधलं, त्याच्या जवळ बीबीसीचं लाँग वेव्हचं ट्रान्समिटर. १९३४ ला सुरू झालं, त्याआधी हे काम डॅव्हेंट्रीचं स्टेशन करायचं. सुरुवातीलाच १५० किलोवॅट, दोन ७०० फुटी मनोरे आणि मधे ताणलेली एरियल. लाँग वेव्ह जमिनीला धरून लांब जाते म्हणून एका जागेवरनं जवळपास अख्खं इंग्लंड आवाक्यात. पण युद्ध सुरू झालं आणि हाच गुण नडला, शत्रूच्या विमानांना त्यावरनं दिशा काढता आली असती म्हणून १९३९ ला लाँग वेव्ह बंदच ठेवली.

तुमच्या आजोबांच्या वेळी तिथं लाइट प्रोग्राम लागायचा, म्हणजे गाणीबिणी. १९६७ ला त्याचं रेडिओ टू झालं, आणि १९७८ ला तिथं रेडिओ फोर आलं.

आजीचं बरोबर आहे. आपल्याकडं लाँग वेव्हवर आकाशवाणीचं स्टेशनच नाही. उष्ण कटिबंधात वीजवादळांचा कडकडाट या पट्ट्यात फार येतो, वळवाच्या दिवसांत तर बघायलाच नको. इंग्लंडचं स्टेशन साडेसात हजार किलोमीटरवर, ते विसरा.

मिरजवाला:
तारवाले दादा, एक राहिलं. डायलवरचे १५०० मीटर ही लहरीची लांबी, फ्रिक्वेन्सीत म्हणजे २०० किलोहर्ट्झ, पण १९८८ च्या १ फेब्रुवारीला ते १९८ झालं. कारण ९ चा पाढा! सगळ्या फ्रिक्वेन्सी ९ ने भाग जाणाऱ्या करायच्या असं ठरलेलं, मीडियम वेव्हवाले १९७८ लाच सरकले होते. आपली सांगली आकाशवाणी बघा, १२५१, भागा ९ ने, बरोब्बर १३९. पुणे ७९२, तेही जातंय. लहानपणी मला वाटायचं हे आकडे कुणीतरी लॉटरीतून काढलेत 😄

कृष्णाकाठ:
क्रिकेटवाल्यांना हे स्टेशन वेगळ्याच कारणानं माहिती. टेस्टची बॉल टू बॉल कॉमेंट्री तिथं लाँग वेव्हवर असायची, आणि ऐन रंगात आलेली मॅच थांबवून समुद्रातल्या जहाजांसाठी हवामान सांगायचे. शिव्या खायचे पण थांबवायचे. ती कॉमेंट्री लाँग वेव्हवरनं २०२३ च्या ॲशेसनंतर गेली.

पण मला भारी वाटतं ते वीज मीटरचं. याच १९८ वर आवाजाच्या खाली गुपचूप डेटा जायचा, रेडिओवर तो ऐकू यायचा नाही, आणि तो सिग्नल मिळाला की तिकडच्या घरातले मीटर रात्रीच्या स्वस्त दरावर जायचे, हीटर चालू व्हायचे. म्हणजे बातम्या ऐकणाऱ्याला पत्ताच नाही की त्याच लहरीवर शेजाऱ्याचं गरम पाणी चाललंय. इथं आम्ही रात्री दोनला थ्री फेज आली का बघायला बॅटरी घेऊन मळ्यात जायचो राव. ते मीटर २०२५ च्या जूनपासून टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतले.

मिरजवाला:
आणि ट्रान्समिटरमधले व्हॉल्व्ह मीटरभर उंच, हातानं बनवलेले. तुमच्या सेटमधले अंगठ्याएवढे असतील.
@गावभागकर, थेट प्लगमध्ये घालू नका! इतकी वर्षं पडून असलेल्या सेटचा कंडेन्सर फुटतो. आधी सिरीज बल्ब लावा, म्हणजे वीज बल्बातनं सेटला जाईल आणि आत शॉर्ट असला तर बल्बच फुल पेटेल. चालला तर मीडियम वेव्हवर २४० मीटरच्या आसपास काटा न्या, १२५१ म्हणजे तेवढंच येतं.

गावभागकर:
लय धन्यवाद सगळ्यांना. आज सिरीजला १०० चा बल्ब लावून बघितला. बल्ब फुल पेटला आणि डायल काळाच राहिला, म्हणजे आत शॉर्ट आहे ना? मिरजेत व्हॉल्व्हचं काम करणारं कोणी अजून बसतंय का, मेसेज करा. वाडा पुढच्या आठवड्यात उतरवणार, तोवर रेडिओ आजीच्या खोलीत ठेवलाय, तिनं त्यावर क्रोशाचा रुमालसुद्धा घातला.